गाय, आंबोण आणि आतला दाह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कराड, कडेगाव, पलूस, खटाव या पट्ट्यात पशुवैद्य म्हणून गोठ्यांवर फिरताना आणि संध्याकाळच्या धारा झाल्यावर येणाऱ्या फोनवर तेच ते प्रश्न परत येतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. क्रमाने वाचायची गरज नाही. विषय दुसरीकडे आला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय. वेगळं लिहिलं नसेल तर आकडे साधारण ४५० किलो वजनाच्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायीचे धरावेत.

१. आंबोण, पेंड, भरडा, धान्य, आम्ही सगळ्याला खुराकच म्हणतो. यातलं नेमकं काय जास्त झालं की त्रास होतो?

स्टार्च. म्हणजे मक्याचा भरडा, गहू, बाजरी, तांदळाची कणी, शिळी भाकरी, बेकरीचा पाव. सरकी पेंड आणि शेंगपेंड प्रोटीनसाठी असतात, त्यांच्यात स्टार्च फारसा नसतो. गव्हाचा भुसा मधला. तुरीच्या चुणीत टरफल बरंच असल्यामुळे ती पोटाला तशी सोसते. त्यामुळे "आठ किलो आंबोण देतो" एवढ्यावरून मला काही सांगता येत नाही. त्या आठ किलोत मका किती, हे आधी विचारावं लागतं.

स्टार्च पोटात किती वेगाने फुटतो तेही बघायला हवं. गहू फार लवकर फुटतो, मका त्याहून सावकाश, ज्वारी आणखी सावकाश. दाणा जितका बारीक दळाल तितका वेग वाढतो आणि शिजवून दिला की आणखी वाढतो. गिरणीवाल्याला "भरड काढ" सांगितलं आणि त्याने पीठ पाडून दिलं, तर मका तेवढाच राहूनही गायीच्या पोटात भलतंच घडतं.

गोळी पेंडीच्या पोत्यावर प्रोटीन, फॅट, फायबर छापलेलं असतं. स्टार्चचा आकडा बहुधा नसतो. विक्रेत्याला विचारत जा.

२. जास्त धान्य खाल्लं की गायीच्या पोटात होतं काय?

गायीचं कोठीपोट म्हणजे आंबवायची मोठी टाकी. तिथले जिवाणू वैरण आणि धान्य आंबवतात, त्यातून आम्लं तयार होतात आणि त्या आम्लांवरच गाय जगते. वैरणीतून ॲसेटिक आम्ल जास्त निघतं, त्यावर दुधातली फॅट बनते. धान्यातून प्रोपियोनिक आम्ल जास्त निघतं, त्यापासून यकृत साखर बनवतं आणि त्या साखरेवर दुधाचे लिटर ठरतात. दोन्ही लागतात. धान्याला शत्रू समजू नका. वीस लिटरची गाय नुसत्या कडब्यावर उभी राहणार नाही.

आम्ल तयार व्हायचा वेग ते रक्तात शोषलं जायच्या वेगाला मागे टाकतो, तिथे अडचण सुरू होते. निरोगी कोठीपोटाचा सामू (पीएच, आंबटपणाचं माप; आकडा कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ६ ते ६.८ असतो. तो दिवसातून तीन तासांपेक्षा जास्त वेळ ५.६ च्या खाली राहिला, तर त्याला सौम्य किंवा छुपी आम्लता म्हणतात. ५ च्याही खाली गेला तर ती तीव्र आम्लता, जनावर जीवानिशी जाऊ शकतं (प्रश्न १५). सामूचा एक अंक उतरला म्हणजे आम्लता दहापट झाली. त्यामुळे ६.५ आणि ५.५ हे आकडे कागदावर शेजारी दिसले तरी पोटात फार लांब आहेत.

याला आवर घालते लाळ. गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गिळते आणि त्या लाळेतून दोन किलोच्या आसपास आम्ल मारणारा सोडा पोटात उतरतो, तोही फुकट. पण लाळ सुटते ती चावताना आणि रवंथ करताना. भरडा चावावा लागत नाही. म्हणजे धान्य आम्ल वाढवतं आणि लाळही कमी करतं, असा दुहेरी मार बसतो.

३. डॉक्टर, तुम्ही "आतून दाह आहे" म्हणता. पण गायीला ताप नाही, कुठे सूज नाही. मग दाह कसला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

कोठीपोटात असंख्य जिवाणू असतात. त्यातल्या काही जातींच्या बाहेरच्या कवचात एंडोटॉक्सिन नावाचा विषारी भाग असतो, शास्त्रज्ञ त्याला एलपीएस म्हणतात. जिवाणू जिवंत आणि पोटातच असेपर्यंत त्याचा उपद्रव नाही. सामू घसरला की हे जिवाणू मोठ्या संख्येने मरतात, फुटतात आणि ते विष पोटातल्या पाण्यात मोकळं होतं.

आता भिंत बघा. आपल्या जठराला आतून चिकट थर असतो, तो आम्लापासून राखतो. कोठीपोटाला असा थर नाही. आम्लाने त्याची आतली कातडी सोलवटते. पुढे आतड्यात तर भिंत एकाच पेशीची. जास्तीचा न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात पोचून तिथेही आंबला, तर तीही भिंत पाझरायला लागते. विष रक्तात शिरतं आणि पहिल्यांदा यकृताच्या दारात येतं. यकृत ते निष्प्रभ करतं आणि त्याच वेळी धोक्याची घंटा म्हणून सीरम अमायलॉइड ए, हॅप्टोग्लोबिन अशी प्रथिनं रक्तात सोडतं. गोठ्यात उभी असलेली गाय बाहेरून ठीक दिसते, पण तिच्या रक्तात ही प्रथिनं चढलेली असतात. आतला दाह म्हणतो तो हाच.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात दुभत्या गायींच्या आहारात बार्लीचं प्रमाण ०, १५, ३० आणि ४५ टक्के ठेवून हे तपासलं गेलं. २००८ साली त्याचे निष्कर्ष छापले गेले. बार्ली वाढवत नेली तसं पोटातलं विष आणि रक्तातली दाहाची प्रथिनं वाढली. आपल्याकडे बार्ली कुणी घालत नाही, पण गव्हाचा वेग साधारण तसाच.

४. खाणं वाढवलं तरी दूध जागचं हलत नाही, उलट घटतं. असं का?

कारण त्या खाण्याचा एक वाटा आता कासेकडे जातच नाही.

शरीर दाहाशी लढतं तेव्हा लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना साखर लागते, आणि ती पहिल्या पंगतीला बसून लागते. दुधातली साखरही त्याच रक्तातून येते. एक लिटर दूध बनवायला गायीला साधारण ७० ग्रॅम ग्लुकोज लागतं. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात दुभत्या गायींच्या शिरेत एलपीएस टोचून मोजलं, तेव्हा बारा तासांत एक किलोच्या वर ग्लुकोज प्रतिकारशक्तीने खाल्लं. हा अभ्यास २०१७ चा. किलोभर ग्लुकोज म्हणजे चौदा लिटर दुधाची साखर. तिथे विष थेट शिरेत दिलं होतं. गोठ्यातल्या छुप्या आम्लतेत मात्रा कितीतरी कमी असते, त्यामुळे तुमची गाय रोज चौदा लिटर गमावते असा अर्थ काढू नका. पण गळका नळ रात्रभर ठिबकला तरी बादली भरते.

दुसरी भानगड इन्सुलिनची. धान्य वाढलं की प्रोपियोनिक आम्ल वाढतं, साखर वाढते, इन्सुलिन वाढतं, आणि इन्सुलिन शरीराला चरबी साठवायला सांगतं. म्हणून काही गोठ्यांत गायी गुळगुळीत दिसतात आणि बादली रिकामी. मालक म्हणतो तब्येत सुधारली. खरं म्हणजे दुधाचा पैसा पाठीवर चढलेला असतो (पुढचा त्रास प्रश्न १७ मध्ये).

शिवाय आम्लता झालेली गाय एक दिवस दाबून खाते, दुसऱ्या दिवशी तोंड फिरवते. हा चढउतार दिसला की माझी पहिली शंका मक्यावर जाते.

५. फॅट ३.५ च्या खाली आली. संकलन केंद्रावर पाणी घातल्याचा संशय घेतात. काय सांगू?

पाणी घातलं की फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) दोन्ही उतरतात. आम्लतेत फॅट एकटी उतरते, एसएनएफ बहुतेक जागेवर राहतं. दहा दिवसांच्या स्लिपा काढून शेजारी लावा. मशीनवर प्रोटीनचा आकडाही येत असेल तर तो बघा. फॅट प्रोटीनच्या खाली गेली असेल, तर बोट सरळ आंबोणाकडे जातं.

कारण असं: सामू उतरला की कोठीपोटातले जिवाणू वैरणीतल्या आणि पेंडीतल्या तेलावर वेगळ्या वाटेने काम करतात. त्यातून एक खास स्निग्धाम्ल तयार होतं आणि ते कासेतलं फॅट बनवायचं काम दाबून टाकतं. फार थोडं पुरतं. म्हणून तेलकट सरकी आणि मका दोन्ही भरपूर असलेल्या गोठ्यात फॅट जास्त वेगाने कोसळते. एकटी सरकी फॅट वाढवते हा तुमचा अनुभव खोटा नाही, मक्याच्या जोडीला ती उलटते.

पण प्रत्येक घसरण आम्लतेची नसते. शेवटच्या धारांत फॅट सगळ्यात जास्त असते. त्या वासराला सोडल्या किंवा मशीन लवकर काढलं तरी आकडा पडतो. एका गोठ्यावर मी दोन फेऱ्या मारल्या, शेण धुतलं, भरडा तपासला. शेवटी निघालं एवढंच की नवा गडी घाईत होता आणि कासेत लिटरभर दूध तसंच राहत होतं.

६. मग किती आंबोण म्हणजे जास्त?

आपल्याकडचा जुना हिशोब बरा आहे: शरीरासाठी दीड किलो, वर दर तीन लिटर दुधाला एक किलो. अठरा लिटरच्या गायीला साडेसात किलो. पण हा हिशोब वैरण पुरेशी आहे असं धरून केलाय, आणि नेमकं तिथेच सगळे चुकतात.

कोरड्या वजनात मोजा. ही गाय दिवसाला साधारण १५ किलो कोरडं खाते. २५ किलो मकवानात (हिरव्या मक्याच्या चाऱ्यात) पाणी काढलं तर साडेपाच किलो उरतं, चार किलो कडब्यात साडेतीन. वैरण झाली नऊ किलो. साडेसात किलो आंबोणात कोरडं पावणेसात. म्हणजे शंभरात ५७ वैरण, ४३ आंबोण. चालेल. आता दुसरा गोठा बघा: १५ किलो उसाचं वाडं आणि नऊ किलो आंबोण. वाड्यात कोरडं जेमतेम साडेचार, आंबोणात आठ. शंभरात ६४ आंबोण. या गायीचा मालक आज ना उद्या मला फोन करणार.

वैरण निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका. एका वेळी दोन-अडीच किलोच्या वर आंबोण घालू नका. सात किलो द्यायचं तर तीन-चार वेळा विभागा. आणि आधी वैरण, मग आंबोण. सकाळी रिकाम्या पोटी धारेच्या वेळी पाटीभर भरडा टाकायची सवय आपल्या भागात घरोघर आहे, ती मोडायला माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. बायांना पटतं, कारण गव्हाणीशी त्याच असतात. घरातल्या पुरुषमंडळींना पटवावं लागतं.

७. मुरघास वैरणीत धरायचा की धान्यात?

दोन्हीत. मुरघास म्हणजे हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा. कणसासकट केलेल्या मक्याच्या मुरघासात दाणा असतोच. २५ किलो चांगल्या मुरघासात कोरडा भाग साडेसात किलो, त्यात स्टार्च दोन किलोच्या आसपास. म्हणजे जवळपास तीन किलो मक्याचा भरडा गायीने आधीच खाल्ला. आंबोण त्या हिशोबाने कमी करायचं असतं, पण मुरघास नवा सुरू केला तरी आंबोण जुनंच चालू राहतं. मुरघास आल्यावर महिनाभर दूध चढलं आणि मग फॅट गेली, ही गोष्ट मी इतक्या जणांकडून ऐकलीय की पुढचं वाक्य मीच पूर्ण करतो.

कुट्टी किती बारीक आहे तेही बघा. मुरघास बारीक, कडब्याची कुट्टीही बारीक, तर चावायला काही उरतच नाही. रोज दोन-तीन किलो कडबा किंवा सरमाड इंच-दीड इंच ठेवून द्या. कणीस न भरलेल्या किंवा कणसं मोडून नेलेल्या मकवानाचा मुरघास असेल तर हे गणित लागू नाही, तो वैरणच समजा.

८. घरच्या घरी कसं ओळखायचं?

दुपारी, खाऊन दोन-तीन तास झाल्यावर, गोठ्यात जा आणि काही न करता दहा मिनिटं उभे राहा. निवांत बसलेल्या गायींपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करत असायला हव्यात. एक घास वर आला की मोजा. ५० ते ७० वेळा चावून गिळला तर ठीक, चाळिशीच्या आतच गिळत असेल तर वैरण कमी पडतेय.

मग शेण. घट्ट वरणासारखं पडून मध्ये खळगा राहतो ते चांगलं. पातळ, पिवळसर, फेसाळ, बुडबुडे असलेलं, आंबूस वासाचं शेण म्हणजे स्टार्च मागच्या आतड्यात जाऊन आंबतोय. ओंजळभर शेण पिठाच्या जुन्या चाळणीत घ्या आणि नळाखाली धुवा. अख्खे दाणे, लांब न पचलेले धागे किंवा आतड्याच्या सालीसारखे चिकट पापुद्रे राहिले तर आजच डॉक्टरांना दाखवा. पापुद्रे म्हणजे आतड्याची भिंत सोलवटल्याची खूण.

एकाच गायीचं शेण एक दिवस पातळ पडलं म्हणून घाबरू नका. आज घट्ट, उद्या पातळ, आणि तेही चार-पाच गायींत, असं असेल तर दखल घ्या. गायी माती चाटायला लागतात, एकमेकींच्या दाव्या चघळतात, हेही लक्षात ठेवा, पण त्याला खनिजांची कमतरता हेही कारण असतं.

९. रक्त किंवा पोटातलं पाणी तपासून घेऊ का?

दाहाची प्रथिनं तालुक्याच्या लॅबमध्ये मोजत नाहीत. पोटातलं पाणी तोंडातून नळी घालून काढलं तर लाळ मिसळते आणि सामू खरा असतो त्यापेक्षा चांगला दिसतो. कुशीतून सुईने काढलेला नमुना खरा, पण ते पशुवैद्याचंच काम आणि एका गायीच्या आकड्यावर गोठ्याचा निकाल लागत नाही. पाच-दहा गायींच्या गोठ्यात शेण, रवंथ आणि फॅटची स्लिप पुरते. मोठा गोठा असेल आणि गुंता सुटत नसेल, तर साताऱ्याच्या लोकांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय जवळ आहे.

१०. आंबोण कमी करून दोन महिने झाले आणि गाय आत्ता लंगडायला लागली. मग आंबोणाचा काय संबंध?

संबंध आहे, फक्त खुराची घड्याळं हळू चालतात. आम्लता आणि दाहाच्या काळात खुराच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते, रक्त झिरपतं आणि नव्या तयार होणाऱ्या तळव्यात अडकून बसतं. तळवा महिन्याला साधारण पाच मिलिमीटर वाढतो आणि असतो दहा मिलिमीटरच्या आसपास जाड. म्हणजे आत उमटलेला डाग खाली दिसायला दोनेक महिने लागतात. खूर साळताना लाल-पिवळे डाग दिसले, तर कॅलेंडर दोन महिने मागे न्या आणि तेव्हा काय बदललं होतं ते आठवा.

सगळं लंगडणं आंबोणाच्या माथी मारू नका मात्र. ओला काँक्रीटचा गोठा, बसायला जागा नाही, वर्षभर खूर साळलेले नाहीत, हीही कारणं तितकीच मोठी आहेत. मुक्तसंचार गोठ्यात याचा त्रास कमी दिसतो तो त्यामुळेच.

११. रोज खाण्याचा सोडा देऊ का?

जास्त आंबोण खाणाऱ्या, ताज्या व्यालेल्या गायीला दिवसाला १०० ते १५० ग्रॅम, आंबोणात मिसळून, दोनदा विभागून. सोबत ४०-५० ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड असेल तर फॅटला मदत होते. पण प्रश्न २ मधलं लाळेचं गणित आठवा: गाय स्वतः दोन किलोच्या आसपास सोडा तयार करते. तुमची वाटी त्यापुढे किती? वैरण तोडून सोडा घालणं म्हणजे विहीर बुजवून टँकर मागवणं.

व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत सोडा देऊ नका. त्या वेळी शरीरात सोडियम वाढलं की व्याल्यावर कॅल्शियम उतरून गाय बसायचा धोका वाढतो.

१२. आमच्याकडे सांगलीची हळद मुबलक. दाहावर हळद चालते ना?

हळदीत दाह कमी करणारे घटक आहेत हे खरं. पण रोज सकाळी पोटात आम्ल ओतायचं आणि संध्याकाळी हळद, यात शहाणपण काय? थोडी दिली म्हणून नुकसान नाही, फक्त ती दिली म्हणून आंबोणाचा हिशोब टाळू नका. यीस्टचं तसंच. चांगल्या प्रतीचं यीस्ट पोटातलं लॅक्टिक आम्ल वापरणाऱ्या जिवाणूंना हात देतं, पण हात देतं एवढंच. वैरण नसलेल्या गोठ्यात यीस्टवर खर्च करणाऱ्यांना मी ते पैसे कडब्यात घालायला सांगतो.

१३. गाय नुकती व्याली, वीस लिटरवर आहे, वाळत चाललीय. आंबोण लगेच वाढवू का? आणि हा कीटोसिस (ऊर्जा कमी पडून अंगातली चरबी वितळण्याचा आजार) की आम्लता?

ही खरी कोंडी आहे. तिला ऊर्जा हवी, पण पोट तयार नाही. कोठीपोटातले जिवाणू नव्या खाण्याला सरावायला दोन-तीन आठवडे घेतात. आम्ल शोषणारे आतले केसासारखे उंचवटे वाढायला चार ते सहा आठवडे. म्हणून तयारी व्यायच्या तीन आठवडे आधी, दीड-दोन किलोपासून करायची असते. व्याल्यावर दर दोन दिवसांनी अर्धा किलो वाढवा, आणि शेण पातळ झालं की तिथेच चार दिवस थांबा. त्या पहिल्या आठवड्यात गर्भाशयाचा दाह प्रत्येक गायीत थोडाफार असतोच, जार अडकली असेल तर जास्त. त्यात पोटाचा दाह मिळवू नका. ऊर्जा कमी पडतेय असं वाटलं तर १५०-२०० ग्रॅम बायपास फॅट द्या. त्यात स्टार्च नाही आणि ते कोठीपोटात आंबत नाही.

ओळखायचं कसं? दोन्हीत गाय आंबोणावरून तोंड काढते. कीटोसिसमध्ये शेण कोरडं, घट्ट, श्वासाला गोडसर उग्र वास, आणि फॅट चढलेली असते कारण अंगातली चरबी वितळून दुधात येते. आम्लतेत शेण पातळ आणि फॅट उतरलेली. चढलेली फॅट बघून मालक खूश असतो आणि गाय आतून संपत असते, असं मी पाहिलंय.

१४. उन्हाळ्यातच हे जास्त का होतं?

गळीत संपलं की एप्रिलपासून वाडं मिळत नाही, माण-आटपाडीकडे कडब्याचे भाव चढतात आणि वैरणीची जागा गोळी पेंड घेते. त्यातच गाय धापा टाकते. तोंड उघडून धापताना लाळ बाहेर गळून वाया जाते, रवंथ कमी होते, आणि जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला सोडाही लघवीवाटे निघून जातो. दुपारी खात नाही म्हणून रात्री एकदम खाते. उन्हाळ्यात आंबोणाचा मोठा वाटा पहाटे आणि रात्री उशिरा, विभागून द्या. सोडा द्यायचाच तर याच दिवसांत द्या.

१५. लग्नातला उरलेला भात खाल्ला, किंवा बेंदराला पुरणपोळ्या जास्त झाल्या. आता काय करू?

हे छुपं प्रकरण नाही, ही तातडी आहे. मांडवातला भात, बुंदी, पोळ्या किंवा खळ्यावर सुटून खाल्लेलं धान्य, काही तासांत पोट लॅक्टिक आम्लाने भरतं. पोट डबडबतं, रवंथ बंद, गाय दात खाते, आंबूस पाण्यासारखं हगते, डोळे आत जातात आणि शेवटी बसते. आषाढातल्या बेंदरानंतरचे दोन दिवस माझी मोटरसायकल थांबत नाही. वर्षभर कडब्यावर असलेल्या खिल्लार बैलाला प्रेमाने वीस-पंचवीस पोळ्या चारल्या जातात. त्याच्या पोटाला त्याची सवयच नसते.

धान्य समोरून काढा, कोरडा कडबा ठेवा, जनावराला हळूहळू चालवा आणि डॉक्टरांना बोलवा. स्थानिक डॉक्टर मिळत नसतील तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करा. बसलेल्या, मान टाकलेल्या जनावराला बाटलीने सोडा, तेल, ताक काहीही पाजू नका. ते फुप्फुसात जातं. किती खाल्लं आणि किती वाजता, हे खरं सांगा. लाजून "थोडंसंच खाल्लं" सांगितल्याने उपचार चुकतात.

१६. सामू उतरला की दाह होतोच का? घासाच्या गोळ्या दिल्या तरी?

नाही, आणि हे जरा चक्रावणारं आहे. कॅनडातल्याच मॅनिटोबा विद्यापीठात काही गायींची आम्लता गहू-बार्लीच्या गोळ्यांनी घडवली आणि काहींची बारीक दळलेल्या लसूणघासाच्या गोळ्यांनी. दोन्हींत कोठीपोटाचा सामू उतरला, दोन्हींत तिथलं विष वाढलं. पण रक्तातली दाहाची प्रथिनं फक्त धान्याच्या वेळी चढली. हे अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थ असा लावला जातो की नुसता कोठीपोटाचा आकडा पुरत नाही, स्टार्च पुढे मोठ्या आतड्यात पोचून तिथे काय करतो आणि कुठल्या जातीचे जिवाणू फोफावतात यावरही बरंच ठरतं. म्हणून मी सामूपेक्षा शेण धुण्यावर (प्रश्न ८) जास्त भर देतो. तिथे मागच्या आतड्याची बातमी मिळते.

१७. दूध उतरलेल्या गाभण गायीला तेच आंबोण चालू ठेवलं तर बिघडतं का?

बिघडतं, पण उशिरा. आठ लिटरवर आलेल्या गायीला अठरा लिटरचं आंबोण घातलं तर उरलेलं सगळं चरबीत जातं. लठ्ठ झालेली गाय व्याल्यावर कमी खाते, चरबी वितळून यकृतात साचते, कीटोसिस होतो. मग आपण प्रश्न १३ वर परत येतो. दर पंधरा दिवसांनी दूध मोजून आंबोण बदला. व्यायच्या वेळी शेवटच्या फासळ्या हाताला लागाव्यात, लांबून दिसू नयेत.

१८. वासरांना आणि म्हशींना हेच नियम?

म्हशीला हेच. फॅट मुळातच जास्त असल्याने घसरण लवकर लक्षात येत नाही, एवढाच फरक. वासरांचं मात्र उलट आहे. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांना धान्याचं काफ स्टार्टर द्यायलाच हवं. त्यातून तयार होणाऱ्या आम्लांनीच त्यांच्या कोठीपोटाची आतली वाढ होते. "धान्याने दाह होतो" हे ऐकून वासराचं धान्य बंद केलेले दोन गोठे मला माहीत आहेत.

१९. धडधाकट गायीच्या नाकातून अचानक रक्त आलं आणि ती गेली. विषबाधा होती का?

शवविच्छेदन न करता सांगता येणार नाही, पण एक शक्यता ध्यानात ठेवा. सोलवटलेल्या कोठीपोटातून जिवाणू यकृतात जातात आणि तिथे गळवं धरतात. गाय महिनोन्महिने ती घेऊन फिरते. यकृताजवळून मोठी शीर जाते. गळू तिच्यात फुटलं तर पू फुप्फुसात पोचतो, तिथली रक्तवाहिनी फुटते आणि नाकातोंडातून रक्त येतं. त्या टप्प्यावर उपाय राहत नाही. पुढच्या वेळी असं झालं तर पुरायच्या आधी डॉक्टरांना उघडून बघायला सांगा. गळवं निघाली तर बाकीच्या गायींची गव्हाण त्याच दिवशी तपासा.

२०. हे सगळं वाचून उद्यापासून मका बंद करतो. चालेल ना?

नको. एकदम बंद केलं तर ताज्या गायी कीटोसिसमध्ये जातील आणि दूधही कोसळेल. आठवड्याला किलोभर, त्याहून जास्त नाही, असं उतरवा आणि काढलेल्या प्रत्येक किलोच्या जागी कडबा किंवा चुणी घाला. आधी वेळा बदला, मग दळण भरड करा, किलो शेवटी कमी करा. बऱ्याच गोठ्यांत पहिल्या दोन गोष्टींवरच दोन-तीन आठवड्यांत फॅट परत येते आणि मक्याला हात लावायची वेळ येत नाही.